विहिरीला नमस्कार करणारा खलनायक

मंडळी, आज दुपारी धुळ्याला आमचे गावाकडचे शेजारी नाना आणि त्यांची लेक सुमन यांच्यासोबत सिनेमा पाहिला. लहानपणी कॉमिकमधून आम्हाला घाबरवणारा डॉक्टर विखार आता पडद्यावर आलाय. गावाच्या विहिरीत विष ओततो आणि पाच मिनिटं हसतो.

नाना कानाशी म्हणाले, "हाऊ नुसता हासस. याले विहीर काय शे, ठाऊक नही."

नानांना तो अधिकार आहे. १९९१ साली धरणगावजवळच्या आमच्या गावात, गणपतीत, मी त्याच कॉमिकचं नाटक बसवलं. विखार झाले नाना. संस्कृतात नुकताच एम.ए. झाल्याने मी त्यांना लांबलचक समासांचं भाषण लिहून दिलं होतं. नानांनी ते सरळ गाळलं. पुठ्ठ्याच्या विहिरीपाशी आले, वहाणा काढल्या, आम्ही सगळे करतो तसा विहिरीला नमस्कार केला आणि शांतपणे विषाची बाटली तीत रिकामी केली.

अख्खा मांडव गार पडला. माझ्या समासांनी हे जन्मात जमलं नसतं.

सहा वर्षांची सुमन मात्र पुढे महिनाभर बापाच्या हातचं पाणी प्यायली नाही. नाना तेव्हा रोज तिच्यासमोर पेला धरून बसायचे.

आज मध्यंतरात त्यांनी तिला पाण्याची बाटली दिली. मुख्याध्यापिका सुमनबाईंनी ती हातात घेतली, बापाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी तुम्ही प्या, नाना."

नाना प्याले. चेहरा असा, जणू आत्ताच पडदा पडला आणि टाळ्या सुरू झाल्या.

नव्या विखारला इतका टिकाऊ प्रेक्षक मिळेल, असं वाटतं तुम्हाला?