पडद्याचा एक धागा

माझ्या मुलीच्या शाळेत मी आग लावलेली नाही. मी फक्त एक धागा जाळला. घंटा, रांगा, वाळू हे सगळं नंतर इतरांनी केलं आणि नाव मात्र माझं झालं!

मी कापडाचा व्यापारी. कामतघर भागात दुसऱ्याच्या लूमवर ड्युट्या करून आज स्वतःच्या गादीवर बसलोय. भाव पाडण्यात मला हरवणारा माणूस भिवंडीत अजून यायचाय (सुरतेहून एक आला होता, तो न जेवताच परत गेला). मी कुणाला घाबरत नाही, असं माझं स्वतःबद्दल ठाम मत होतं. मग मानसीने मला नाटकात घेतलं.

मानसी माझी मुलगी, नववीत. तिच्या शाळेच्या सेवा मंडळाने या वर्षी गोदामं फिरून, आग लागली तर काय करायचं ते कामगारांना शिकवलं आणि त्यावरच स्नेहसंमेलनात नाटक बसवलं. लिहिलं मानसीने. ते जिल्ह्याच्या स्पर्धेला जाणार की नाही, हे परीक्षक त्याच दुपारी ठरवणार होते. अशात गोदामाच्या शेटचं काम करणाऱ्या मुलाला कांजिण्या आल्या.

"पप्पा, तुम्हाला काही करायचं नाहीये," मानसी म्हणाली. "दुकानात असता तसे उभे राहा. वाक्य एकच आहे."

वाक्य असं: "माल माझा, जबाबदारीही माझीच." हे शेवटी, आग विझल्यावर, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणायचं. आता सांगा, उभ्या धंद्यात जे वाक्य मी कधी उच्चारलं नाही, ते पाठ कसं व्हायचं? जेवताना घोकलं, स्कूटरवर घोकलं. एकदा गिऱ्हाइकासमोर चुकून तोंडातून निघालं, तर तो संशयाने माझ्याकडे बघत निघून गेला.

त्यात नाटक बसवणाऱ्या मॅडमवर माझा राग होता. रंगमंचाचा पडदा मी देतो म्हणालो होतो. मॅडमनी तो राहनाळच्या भोईर शेटकडून घेतला आणि वर त्यांनाच प्रमुख पाहुणे केलं! भोईर शेट गोदामं भाड्याने देतात. त्यांना सूत आणि शेवया यांतला फरक तरी कळतो का? पण मानसीने घरातून निघतानाच बजावलं होतं, आज कुणाशी भांडलात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. ती बोलत नाही म्हणजे खरंच बोलत नाही. स्वभाव माझ्यावर गेलाय.

नाटक सुरू झालं. मी विंगेत, पडद्याच्या मागे. फटीतून बाहेर पाहिलं तर नुसती माणसंच माणसं, आणि सगळी गप्प. बाजारात माणसं ओरडत असतात, तिथे मला भीती वाटत नाही. गप्प बसलेली एवढी माणसं मी फक्त मयताला पाहिली होती. वाक्य आठवून पाहिलं, तर "माल माझा"च्या पुढे पाटी कोरी.

घाबरलेला माणूस देवाचं नाव घेतो. माझा हात कापडाकडे जातो. नकळत मी पडदा चिमटीत धरला, अंगठ्याने चोळला आणि दचकलो. स्पर्श सुताचा नव्हता. बाहेर तर निवेदन करणारी मुलगी "शुद्ध सुती पडद्याबद्दल" भोईर शेटचे आभार मानून गेली होती! मी कडेचा धागा ओढला. आमच्या धंद्यात शंका आली की धागा जाळून बघतात. सुती असेल तर कागदासारखी राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून काळा मणी होतो. खिशात लायटर कायम असतो (मी विडीसुद्धा ओढत नाही). पेटवला.

काळा मणी! भीती कुठल्या कुठे पळाली. एवढा आनंद मला मानसीच्या बारशालाही झाला नव्हता.

पण जळक्या प्लास्टिकचा वास विंगेत पसरला, आणि तिथे सेवा मंडळाची मुलं उभी होती. वर्षभर त्यांना एकच शिकवलेलं. घंटा वाजली. एकीने मेन स्विच पाडला. "पळू नका, रांगेत चला" असं शांतपणे सांगत त्यांनी अख्खी सभा मैदानात नेली, भोईर शेटला तर दंडाला धरून. आठवीतल्या एका मुलीने माझ्या हातातला लायटर पाहिला आणि वाळूची बादली माझ्या डोक्यावर रिकामी केली. पुरी!

मैदानात सगळे माझ्याकडे बघत होते. मानसी पुढे उभी होती. डोळे भरलेले, ओठ घट्ट मिटलेले. मला पुन्हा घाम फुटला. आणि भीती वाटली की मी आवाज चढवतो, ती माझी जुनी खोड.

"आग नाही लागलेली," मी ओरडलो. "पडदा खोटा आहे. सुती सांगून पॉलिस्टर दिलंय. कुठल्या चोराने विकलं, विचारा यांना."

भोईर शेट बिचारे कपाळ पुसत पुढे आले.

"आमच्या मुकादमानं तुमच्याच दुकानातना आणलाय, शेट," ते म्हणाले. "मी फकस्त रंगवून घेतला. सुती हाय म्हणून शपथ तुमीच घेतलीव ना?"

मी मानसीकडे पाहिलं. आणि नेमकं तेव्हाच, आठवडाभर पळत असलेलं ते वाक्य माझ्यापुढे येऊन उभं राहिलं. वाळूने भरलेले हात मी जोडले.

"माल माझा," मी म्हणालो, "जबाबदारीही माझीच."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. परीक्षकांना हे सगळं नाटकातलंच वाटलं. प्रेक्षकांना मैदानात नेण्याची कल्पना त्यांना फार आवडली. नाटकातल्या शेटच्या चेहऱ्यावरची भीती, म्हणाले, अगदी खरी वाटली.

नाटक जिल्ह्याला गेलं. शेटचं काम कांजिण्यांतून उठलेल्या मुलालाच दिलं. मानसी चार दिवसांनी बोलली, तेही नवा पडदा कधी देताय, एवढंच.

तो घेऊन मी शाळेत गेलो. चोख सुती आहे, मी मॅडमना सांगितलं. मॅडम हसल्या. मानसीने कडेचा एक धागा ओढला आणि माझ्याच खिशातला लायटर काढून घेतला. तागा गडबडीत नोकराने बांधला होता, मी नीट पाहिला नव्हता. मी डोळे मिटले आणि वज्रेश्वरीला नारळ बोललो.