बाबेलदाओबच्या रानातला शिगेरू

स्नेहलता मूळची वेंगुर्ल्याची. पुण्याच्या कंपनीने तिला दोन हजार एकमध्ये ओसाकाला पाठवलं आणि तिथेच ऑफिसातल्या हिरोआकीशी तिचं लग्न झालं. सासूबाई, फुमिए, त्यांच्याजवळच राहायच्या. मितभाषी बाई. पण दिवेलागणीला गॅलरीचं दार सरकवून हलकेच हाक मारायच्या, "शिगेरू, ये रे, पाणी चढतंय."

खाली पाणी कुठलं? सायकलींचा तळ होता.

"लहानपणापासून ऐकतोय," हिरोआकी म्हणायचा. "विचारायची सोय नाही."

एकदा स्नेहलताने माहेरच्या परसातल्या नीरफणसाचा फोटो दाखवला. सासूबाईंनी तो हातात घेतला.

"हे झाड आमच्या पलाऊला होतं," त्या म्हणाल्या आणि मग बोलतच राहिल्या.

पॅसिफिकमधली ती बेटं पहिल्या महायुद्धापासून जपानच्या ताब्यात होती. सासूबाईंचा जन्म तिथल्या कोरोर गावातला. धाकटा भाऊ शिगेरू ओहोटीला प्रवाळाच्या खडकांवर खेळायचा. भरती लागली की त्या त्याला हाका मारायच्या. चव्वेचाळीस साली अमेरिकन विमानांनी गाव जाळलं. लोक बाबेलदाओब या मोठ्या बेटाच्या रानात पळाले. तिथे शिगेरू भुकेने गेला. त्याला एका नीरफणसाखाली पुरलं. युद्ध संपल्यावर जपान्यांना बोटींत घालून मायदेशी धाडलं. "तो एकटाच मागे राहिला गं."

पलाऊ आता स्वतंत्र देश झाला होता. दोन हजार पाचमध्ये स्नेहलता सासूबाईंना घेऊन तिथे गेली. रानात नीरफणस जागोजागी. त्यातला कोणता ओळखायचा? तिथल्या एका म्हातारीने स्वच्छ जपानीत विचारलं, "कोणाला शोधताय?"

"माझ्या भावाला. तुम्हाला आमची भाषा कशी येते?"

"शाळेत आमची भाषा बोललं की मार बसायचा. तुमचीच शिकलो." म्हातारी झाडांकडे बघत राहिली. "माझी बहीणही इथेच आहे. झाडं आमची होती, फळं तुमच्या सैन्याने नेली."

सासूबाईंनी विचारलं, "ती येते का कधी?"

"येते. बोलत नाही. भूक लागलीय, एवढं कळतं."

वारा पडला होता. तरी झाडांची पानं हलत होती. सासूबाईंनी जमिनीला कपाळ टेकून माफी मागितली आणि म्हातारीच्या बहिणीचं नाव विचारून घेतलं.

घरी आल्यावर सासूबाई पूर्वजांच्या देव्हाऱ्यात भाताच्या दोन वाट्या ठेवू लागल्या. सासूबाई गेल्यावर स्नेहलता ठेवते. एखाद्या सकाळी एका वाटीतला भात कमी झालेला असतो. हिरोआकी म्हणतो, चिमण्या असतील. खिडक्या तर बंद असतात.