परातीतले पाय

स्टेजवर खुर्ची मांडली होती. मी तिच्यावर बसलो होतो. पँट पोटरीपर्यंत वर सरकवलेली, दोन्ही पाय पितळेच्या परातीत. समोर गुडघे टेकून आमचे साहेब, बियाणे कंपनीचे मालक. खास नांदेडहून आलेले. त्यांच्या हातात तांब्या.

लातूरच्या एका मंगल कार्यालयात आमचं प्रशिक्षण चाललं होतं. विषय, सेवक नेतृत्व. पुण्याचा प्रशिक्षक सांगत होता, "खरा नेता हुकूम सोडत नाही, सेवा करतो. साहेब, ज्याच्याकडे आपलं कधी लक्षच गेलं नाही, असा माणूस निवडा."

साहेबांनी मला बोलावलं.

लक्ष जाऊ नये असा मी नव्हतो. मी मूळचा लेखापाल. पण आधीचा मॅनेजर सोडून गेला तेव्हापासून लातूरचं ऑफिस मीच चालवत होतो. प्रभारी म्हणून. माल, वसुली, एजंटांची भांडणं, सगळं. पगार मात्र लेखापालाचाच. मॅनेजरपदासाठीचा माझा अर्ज साहेबांकडे पडून होता. आणि मी बौद्ध आहे, हे हॉलमध्ये प्रत्येकाला माहीत होतं. धुवायला इतके सोयीचे पाय दुसरे नव्हते.

पाणी पडलं. मोबाइल वर झाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक एजंट ओरडला,

"नीट घासा साहेब, लई पिढ्यांचा मळ हाय!"

हॉल हसला. माझ्याबरोबर रोज डबा खाणारेही हसले. साहेब हसले. हसता हसता त्यांनी माझी टाच खरोखरच जोरात चोळली. प्रशिक्षकाने माइक माझ्या तोंडाशी आणला. "काय वाटतंय? मनापासून सांगा."

मी म्हणालो, "धन्यवाद."

पन्नाशीचा माणूस. लग्नाच्या वयाच्या दोन लेकी. आणि त्या शिवीवर माझ्या तोंडून हा शब्द निघाला.

टॉवेल फोटोपुरता होता. फोटो झाला, टॉवेल गेला. ओल्या पायांवरच मी मोजे चढवले.

जेवणात साहेब स्वतः वाढत होते. सेवाच ती. माझ्या ताटात जिलेबी टाकून म्हणाले, "घ्या, गोड खा. लातूरला मॅनेजर मिळाला." शेजारी त्यांच्या साडूचा मुलगा उभा होता. शिकलेला, तिशीच्या आतला.

"आणि माझा अर्ज, साहेब?"

"अहो, तुम्ही आता माझे गुरू. पाय धुतले मी तुमचे! पदाचं काय घेऊन बसलात?" मग खाली वाकून कानाशी म्हणाले, "एजंट लोक तुमचं ऐकायचे नाहीत. समजून घ्या ना. मघाशी ऐकलंत की."

"तुम्ही पण हसलात."

"नेत्याला वातावरण हलकं ठेवावं लागतं."

घास तसाच ठेवून मी उठलो. माझा झालेला अपमानच माझ्या नालायकीचा पुरावा ठरला होता.

घरी गेलो तर फोटो माझ्याआधी पोचला होता. खाली लिहिलेलं, 'साहेबांची विनम्रता'. माझं नाव कुठेच नाही. बायकोने तो मोठा करून पाहिला.

"पाय तुमचे, आन् मोठा त्यो झाला व्हय?"

मी आयुष्यभर हिशेब केला, पण ही बाकी मला काढता आली नव्हती. जो वाकतो तो नेता, असं दिवसभर सांगत होते. मग मी, माझा बाप, माझा आजा आम्ही वाकलेलेच होतो. आम्हाला कोणी नेता म्हटलं नाही. किंमत येते ती आधीच उंचावर असलेल्याच्या वाकण्याला. खालच्याचं वाकणं म्हणजे नुसतं काम. साहेबांनी तांब्या उचलला, खुर्ची सोडली नाही. सेवा त्यांची, निवड त्यांची, फोटोही त्यांचाच.

सोमवारी साहेबांचा फोन आला. "पोराला जरा तयार करा. सगळं शिकवा. खरे सेवक नेते तुम्हीच."

समोर तो नवा मॅनेजर बसला होता. "काका, आपण एक टीम आहोत," म्हणाला.

मी फोनवरच सांगितलं, "शिकवणार नाही. मॅनेजरचं काम आजपासून मॅनेजरने करावं. मी लेखापाल आहे, हिशेब चोख देईन."

"अहंकार आला तुम्हाला."

"व्हय साहेब. उशिरा आला."

त्याच आठवड्यात माझी नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या गोदामावर बदली झाली. तिथे खोली घेऊन राहतो. बायको, लेकी लातूरला. मी वैतागून राजीनामा द्यावा, एवढ्यासाठी हे चाललंय. मी तो देणार नाही.

अर्ज पुन्हा पाठवलाय. मागणी एकच. मला का नाकारलं ते लेखी कळवा. जे माझ्या कानात सांगितलं तेच सहीनिशी लिहा. ते लिहिणार नाहीत, मला माहीत आहे. मी मागत राहीन. आणि यापुढे कोणी साहेब माझ्यासमोर गुडघे टेकायला आला, तर त्याला आधी विचारीन, पद कुणाला दिलंत?