साहेब, बूट काढा

कॉन्स्टेबल दुलीचंद तपासाला निघाला की चौकीतले शिपाई म्हणत, हा पोचेपर्यंत चोराचं लग्न होऊन जाईल. भरतीच्या वेळी धावण्यात तो शेवटून दुसरा आला होता, आणि तेही शेवटचा गडी वाटेत पडला म्हणून. त्याचे थानेदार साहेब जबलपूरकडचे, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढणारे. दोन वर्षं ते रोज त्याला म्हणत, “दुलीचंद, जल्दी.” तो म्हणे, “हौ साहेब,” आणि आपल्याच चालीनं चालत राही. शेवटी साहेबांनी वर कळवलं, याला बालाघाटला मालखान्यात, जप्तीच्या सामानाची राखण करायला, बसवा, मोकळ्यावर हा काही कामाचा नाही.

त्याचा हुकूम अजून यायचा होता, तेव्हाची, चौसष्ट सालच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. कटंगीकडच्या एका गावात बौद्ध मोहल्ल्यानं आपली स्वतःची विहीर खणायला घेतली होती. गावच्या विहिरीवर दुसऱ्यांचं भरून होईपर्यंत ताटकळायचा सगळ्यांना कंटाळा आला होता. वीस हात खाली गेल्यावर मुरूम संपला आणि वाळू लागली. एका सकाळी ती वाळू एका अंगानं सरकली आणि खाली खणत असलेला महागू छातीपर्यंत गाडला गेला.

दुलीचंद त्या दिवशी बाजाराच्या बंदोबस्तासाठी त्याच गावात होता. बातमी कळली तसा तो आला. म्हणजे चालतच आला.

सारा गाव काठावर उभा होता. वरच्या मोहल्ल्यातले, जे एरवी इकडं फिरकत नसत, तेही. कोणी वाकून पाहत होतं, कोणी देवाचं नाव घेत होतं, आणि महागूचा साळा भैयालाल सहा जणांना घेऊन दोर ओढत होता. दोर महागूच्या काखेत बांधलेला. प्रत्येक हिसक्याला खालून महागूची किंकाळी येई, आणि ती ऐकून वरचे आणखी जोरानं ओढत. महागूची बायको रुख्माबाई पदर तोंडात कोंबून बसली होती.

दुलीचंदनं काठाकडं पाहिलं. लोकांच्या पायांखाली मातीत बोटभर भेग पडली होती. माया करायला जमलेलं गाव महागूच्या डोक्यावर उभं होतं.

तो आधी कोणालाच मागे व्हा म्हणाला नाही. सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा, ते त्यानं ऐकलं आणि भैयालालच्या खांद्यावर हात ठेवला.

“भैयालाल, दोर सोड. मले दारं पायजे.”

“दारं? माणूस मरून राह्यला अन् तुम्हाले दारं पायजे?”

“घराची दारं. चार. मजबूत. तुयाशिवाय कोणी आणनार नाही.”

भैयालाल त्याच्याकडं बघत राहिला, मग दोर सोडून पळाला. त्याच्या खालोखाल ओरडणाऱ्याला दुलीचंदनं घमेल्यांसाठी पाठवलं, तिसऱ्याला बल्ल्यांसाठी, म्हणजे जाड लाकडी वाशांसाठी. तिघं गेले तसा निम्मा गोंगाट गेला. उरलेल्यांना त्यानं हळू आवाजात सांगितलं की काठ फाटून राह्यला आहे, दहा पावलं मागे या आणि बसा. आणि स्वतः तिथं जाऊन, टोपी मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या आधी बसला. पोलीसच बसला म्हटल्यावर उभं राहायला लोकांनाच अवघडल्यासारखं झालं. एकेक करून गाव बसलं.

दारं आली. दोन तर वरच्या मोहल्ल्यातली सागवानी होती. कोणी मागितली, कोणी दिली, हे त्या वेळी कोणी विचारलं नाही. एक दार काठावर आडवं टाकून दुलीचंद त्यावर पोटावर झोपला आणि खाली डोकावला.

“महागू, आज काय खाऊन आलता?”

खालून नुसता धापांचा आवाज.

“मी तुले इचारून राह्यलो.”

“पेज,” महागू म्हणाला.

“कशासंगं?”

“कांद्यासंगं.”

“मंग दुपारचं जेवन कोन रांधते? तुयी बायको तं इथं बसली हाये.”

असं तो विचारत राहिला. बैलांची नावं, सासऱ्याचं गाव, धानाचं बी कुठून आणलं. प्रत्येक प्रश्नाला महागूला दम घेऊन उत्तर द्यावं लागे, आणि त्या दमानंच त्याची धाप हळूहळू खाली आली. त्याच वेळात भैयालाल, आता गप्प झालेला, कंबरेला दोर बांधून खाली उतरला. महागूच्या चारी बाजूंनी बल्ल्या आणि दारं ठोकून त्यानं कुंपण केलं आणि आतली वाळू हातानं उपसू लागला. एकेक घमेलं वर येत होतं.

वाळू महागूच्या कंबरेपर्यंत उतरली तेवढ्यात जीपचा आवाज आला.

दुलीचंद उठला. विहिरीपासून बऱ्याच अंतरावर त्यानं हात वर करून जीप थांबवली. थानेदार साहेब उडी मारून उतरले आणि जड बूट आपटत धावत सुटले. बसलेले लोक उठू लागले. काठावरून मूठभर माती खाली घरंगळली आणि भैयालालनं खालून हाक मारली.

दुलीचंद साहेबांच्या वाटेत उभा राहिला.

“साहेब, बूट काढा. अन् बसा.”

रोज “साहेब, चहा आला” म्हणावं, त्याच आवाजात. साहेबांचा चेहरा लाल झाला. सगळा गाव बघत होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावरून काठाकडं पाहिलं. भेग आता चार बोटं झाली होती. ते खाली वाकले, नाड्या सोडल्या, आणि रुख्माबाईपासून हातभर अंतरावर अनवाणी मांडी घालून बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “मैं क्या करूँ?”

“घमेलं पुढं सरकवा, साहेब.”

दुपार कलता कलता महागू वर आला. एक पाय मोडला होता, पण बोलत होता. त्याला साहेबांच्याच जीपमधून वारासिवनीला दवाखान्यात नेलं. आडव्या महागूशेजारी एकाचीच जागा उरली होती, भैयालाल संगं गेला.

मग कोणीतरी चहा केला. दुलीचंदनं कप हातात घेतला आणि अर्धा चहा गुडघ्यावर सांडला. त्यानं दुसरा हात लावला, तरी कप बशीवर वाजत राहिला.

साहेब बाजूलाच होते. “डर गए थे?”

“हौ साहेब. सकाळपासून.”

“लगा तो नहीं.”

“महागूनं वर पाह्यलं का त्याले माहंच तोंड दिसे, साहेब. दुसरं काईच नाही दिसे.”

रुख्माबाई उठली. तिनं दुलीचंदच्या हातातला कप काढून घेतला, चहा बशीत ओतला, फुंकला, आणि बशी त्याच्या तोंडाशी धरली.