अर्ध्यावर राहिलेलं दळण

नवऱ्याची बदली चंदीगडला झाली आणि आम्ही मुल्लानपूरच्या बाजूला एका नव्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर राहायला आलो. सोलापूरहून येताना मी ज्वारीचं पोतं आणलं होतं. दळायचं कुठे, हे काही सुचलं नव्हतं. वॉचमन म्हणाला, भिंतीपलीकडे जुनं गाव आहे, तिथे एक आंटी चक्की चालवते.

आंटी पन्नाशीची, विधवा. पुढच्या खोलीत गिरणी, मागच्या खोलीत ती एकटी. एकुलती मुलगी लुधियान्याला दिलेली. तिने पोत्यात हात घातला आणि हसली. "भैणजी, हे आम्ही म्हशीसाठी पेरतो. तुम्ही खाता?" पण गिरणीत उरलेलं गव्हाचं पीठ झाडून तिने मला ज्वारी दळून दिली. पुढच्या खेपेला मी भाकरी नेली. लोणी लावून तिने ती उभ्या उभ्याच खाल्ली.

असंच एकदा माझं दळण चालू असताना मोटरचा आवाज बदलला. घरघर थांबली, नुसतं हुं हुं ऐकू येऊ लागलं. आंटीने धावत जाऊन खटका पाडला.

"फेज गया," ती म्हणाली.

तीन तारांपैकी एकीतली वीज गेली की मोटर फिरत नाही, नुसती तापते. वेळेवर बंद केली नाही तर जळते. गावाचा ट्रान्सफॉर्मर जुना, त्यात चहूकडे बांधकामं. मी तासभर बसले, वीज आली नाही. अर्धं दळण घेऊन घरी आले.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे दिवे क्षणभर मिटायचे आणि खाली जनरेटर सुरू व्हायचा.

उन्हाळ्यात आंटी मागे कपडे धूत असताना फेज गेली आणि मोटर जळाली. इंडस्ट्रियल एरियात नेऊन तिच्यातली जळालेली तार पुन्हा गुंडाळून आणेपर्यंत आठवडा गेला. पुढच्या महिन्यात पुन्हा जळाली. तेव्हापासून गिरणी चालू असली की आंटी मोटरशेजारून हलत नसे. पाणी प्यायलाही नाही.

मीच म्हटलं, अर्ज करू. मी लिहिला, तिने सही केली आणि आम्ही दोघी वीज कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट केला.

"कनेक्शन कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या नवऱ्याच्या. ते गेले."

"मग तक्रार त्यांनी करायला हवी. आधी नाव बदलून आणा."

नाव बदलायला गिरणीचा परवाना हवा होता. तो कधी काढलेलाच नव्हता. सासऱ्यांनी खोलीत गिरणी बसवली आणि गाव दळायला येऊ लागलं, एवढंच. परतताना रिक्षात आंटीने अर्ज दुमडून पिशवीत ठेवला. रिक्षाचे पैसे मी दिले, कारण अर्जाची कल्पना माझी होती.

गिऱ्हाइकं कंटाळली. अर्धवट दळलेला डबा घेऊन कोण किती वेळा परत जाणार? लोक पाकिटातलं पीठ घेऊ लागले. आणि मी? मी घरघंटी मागवली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसली, छान चालू लागली. त्यानंतर दोन महिने मी गावाकडे फिरकले नाही.

शेवटी भाजीच्या गाडीपाशी गाठ पडलीच.

"घरी मशीन घेतलं ना?" तिने विचारलं.

"हो."

"अच्छा किया," ती म्हणाली. "तुमच्याकडे लाइट जात नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

हिवाळ्यात मोटरशेजारी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि तिसऱ्यांदा मोटर जळाली, तेव्हा तिने ती गुंडाळायला दिलीच नाही. गिरणी भंगारवाल्याने नेली. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणारी ती बाई, लुधियान्याला मुलीकडे राहायला गेली.

एकदा मी फोन केला. तब्येत बरी आहे म्हणाली.

"दिवसभर काय करता?"

"काही नाही," ती म्हणाली. "जावई घरी असला की मी आतल्या खोलीत बसते."