गच्चीवरचं दुसरं पान

आमच्या ठाकुर्लीच्या सोसायटीत देशभक्ती लिफ्टपेक्षा नियमित चालते. सीमेवर जरा काही झालं की ग्रुपवर सेक्रेटरी तोफेचा फोटो टाकतात आणि खाली 'एकालाही सोडू नका' म्हणणाऱ्यांची रांग लागते. हेच लोक झुरळ दिसलं की बायकोला हाक मारतात.

माझे थोरले काका फौजेतून निवृत्त होऊन आमच्याकडेच राहतात. सर्वपित्री अमावास्येला आम्ही गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवतो. काका त्याच्या शेजारी आणखी एक ठेवतात. लढाईत त्यांनी अगदी समोरून ज्याला मारलं, त्याच्या नावाचं. नाव अर्थात माहीत नाही. दोन्ही पानांना कावळा शिवल्याशिवाय ते जेवत नाहीत.

यंदा सेक्रेटरी पाण्याची टाकी बघायला नेमके तेव्हाच वर आले. कमिटीने काकांचा सत्कार ठरवला होता, शाल आणून ठेवलेली. त्यांनी कौतुकाने विचारलं, "दुसरं पान कुणाचं, काका?"

काकांनी सांगितलं.

"शत्रूला जेवायला घालताय?"

"मारला तेव्हा शत्रू होता. आता मेलाय."

"अहो, पण त्यांच्यात हे असतं तरी का?"

"आपल्यात असतं ना."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठीक आहे. पण सत्कारात हे नको हां. किती मारले तेवढं सांगा, पोरांना जोश येतो."

"हुकूम होता, मारलं. पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा मारलं असतं," काका म्हणाले. "पण त्याच्यावर टाळ्या नकोत मला."

आमच्या पानाला कावळा शिवला होता, दुसऱ्याला अजून नाही. तेवढ्यात सेक्रेटरींनी आम्हाला खाली काढलं आणि गच्चीला कुलूप घातलं. कारण काय, तर उष्ट्यामुळे कबुतरं येतात. कबुतरांना रोज दाणे घालतात त्यांच्याच घरचे. मला इतका संताप आला की जिन्यातच मी त्यांना दोन शब्द सुनावले. लढाई हवी म्हणून बोंबलायचं, आणि लढून आलेला माणूस काय म्हणतो ते मात्र ऐकायचं नाही. असल्यांसाठी काकांनी माणूस मारला, याची मला लाज वाटते.

आई ताट वाढून बसली होती. काका जेवले नाहीत.

संध्याकाळी सेक्रेटरी दारात आले. कमिटीने सत्कार रद्द केलाय, म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका.

काकांनी सत्काराचं ऐकलंच नसावं. त्यांनी विचारलं, "तुम्ही वर गेला होता का? त्याच्या पानाला कावळा शिवला का?"