मुनीरशेठच्या शेडवरचा कॅमेरा

कामतघरची हौसा मुनीरशेठच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. तिचा मुलगा भावेश तिथेच लूम चालवायचा. २००७ साली तो काविळीनं गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. पण शेडच्या दारावर तो कामाला होता तेव्हापासून कॅमेरा होता, आणि खालून आलागेला प्रत्येक माणूस त्यात कायमचा साठतो, अशी हौसाची ठाम समजूत.

एकदा ती शाळेत माझ्याकडे आली. “बाई, तुमी शिकलेल्या. शेठला सांगा, एकदाच दाखव म्हनावं. त्याचा चेहरा माझ्या डोल्यांसमोरून चाललाय.”

खुळचटपणा म्हणत मी तिच्याबरोबर गेले. मुनीरशेठ ओशाळला. “मावशी, कामगार धाकात राहावेत म्हणून लावलेला डबा आहे तो. आत कायपण नाय.”

“रिकामा असता तर चार वर्सं सगली त्याला भ्याली असती काय?”

शेवटी त्यानं स्टुलावर चढून डबा खाली काढला, उघडला. आत कापसाचं तूस होतं. हौसानं बोटांनी ते सगळं बाहेर काढलं आणि तळ पाहिला.

“मंग आता त्याला कुठं बघू?”

भावेशला मी दोन वर्षं शिकवलं होतं. पहिल्या बाकावर बसायचा. त्याचं नाक, कपाळ, काहीतरी तिला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. मला एकही रेघ आठवेना.